उसाला लावता ती कसोटी औषधालाही लावा

२०२५ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी ‘एक्स’वर एक छोटा व्हिडिओ टाकला. विषय होता बारामतीची ऊसशेती आणि तिथे वापरली जाणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय. इलॉन मस्क यांनी त्यावर एका ओळीची प्रतिक्रिया दिली आणि बघता बघता तो व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागला. बारामती-इंदापूरच्या माणसाला त्याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. आपला ऊस, आपली माती आणि बघणारे सगळे जग.

पण मोबाइलच्या पडद्यावर हा व्हिडिओ एकटा येत नाही. त्याच्या वर भिगवणच्या पाणथळीतल्या रोहित पक्ष्यांचा थवा असतो, खाली कुणा पुढाऱ्याच्या भाषणाचा तुकडा असतो, मग एखादी लावणी, मग बैलगाडा शर्यत. आणि या सगळ्यात मधेच ‘साप चावल्यावर हे तीन थेंब जिभेवर टाका’ किंवा ‘पंधरा दिवसांत शुगर मुळापासून घालवा’ असा एक व्हिडिओ येतो. सगळ्यांची लांबी तेवढीच, आवाज तेवढाच खात्रीचा. कुठल्या व्हिडिओमागे दहा वर्षांचे काम आहे आणि कुठल्यामागे दहा मिनिटांचे, हे पडदा सांगत नाही. करमणुकीच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. आरोग्याच्या बाबतीत मात्र माणूस दगावतो.

शेतकरी फसत नाही, तो का?

बारामतीच्या या प्रयोगामागे माळेगावजवळच्या शारदानगरचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट आणि तिथले कृषी विज्ञान केंद्र आहे. मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांचे सहकार्य त्याला मिळाले. शेतात हवामान केंद्र उभे करायचे, जमिनीत सेन्सर बसवून ओल, तापमान, क्षारता मोजायची, उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाची अवस्था पाहायची आणि या सगळ्यावरून पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे, कीड कुठे लागते आहे याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर द्यायचा, अशी ही पद्धत आहे. राज्य सरकारनेही २०२५ च्या जूनमध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मंजुरी दिली.

उत्पादन वाढते, पाणी आणि खत वाचते, असे दावे या पद्धतीबद्दल केले जातात. आता कौतुक वाटले म्हणून इंदापूरच्या शेतकऱ्याने व्हिडिओ पाहून दुसऱ्याच दिवशी पाच एकराला सेन्सर बसवले का? नाही. त्याने आधी विचारले : प्लॉट कुणाच्या रानात आहे? जमीन कशी आहे, काळी की मुरमाड, की चोपण? लागण कोणत्या महिन्यातली? बियाणे ८६०३२ की २६५? शेजारच्या रानात, त्याच पाण्यावर, सेन्सर न लावता किती टन निघाला? खर्च कुणी केला? खोडव्याला काय झाले? जानेवारीत शारदानगरला ‘कृषिक’ प्रदर्शन भरते तेव्हा लोक प्रत्यक्ष रानात उभे राहून हेच प्रश्न विचारतात.

हे प्रश्न अविश्वासाचे नाहीत, शहाणपणाचे आहेत. कंपनीलाही काही विकायचे असते, हे शेतकऱ्याला कळते. दोन-तीन हंगाम गेल्याशिवाय आणि वेगवेगळ्या जमिनींत पाहिल्याशिवाय पक्के मत बनवू नये, हेही त्याला कळते. नीरा डाव्या कालव्याच्या दोन्ही बाजूंना ऊस करणाऱ्या पिढ्यांनी असाच हिशेब ठेवला. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून याच पट्ट्याच्या शेजारी काम करते आहे. नवी जात आली की आधी थोड्या क्षेत्रावर, आधीच्या जातीच्या शेजारी लावून पाहायची, ही रीत या भागाच्या अंगवळणी पडलेली आहे.

प्रश्न असा, की उसाच्या कांडीबाबत इतका चोखंदळ असणारा हाच माणूस आपल्या आईची मधुमेहाची गोळी एका व्हिडिओवरून बंद कशी करतो?

रानातून दवाखान्यात आलेली पद्धत

औषध खरे की खोटे हे ठरवण्याची वैद्यकशास्त्राची पद्धत मुळात शेतातूनच आली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ रुजू झाले. कुठले खत चांगले हे ठरवताना त्यांच्यासमोर नेहमीची अडचण होती. एका वाफ्याची जमीन मुळातच कसदार असेल तर पीक खतामुळे आले की जमिनीमुळे? त्यांनी सुचवलेला उपाय असा : रानाचे लहान वाफे पाडा, कुठल्या वाफ्याला कुठले खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मग तुलना करा. माणसाच्या मर्जीला त्यात जागा ठेवू नका. १९३५ साली त्यांनी प्रयोगांच्या आखणीवर लिहिलेले पुस्तक आजही या विषयाचा पाया मानले जाते.

हीच चिठ्ठ्यांची पद्धत पुढे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी माणसांच्या उपचारात आणली. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवे होते आणि ब्रिटनमध्ये सगळ्यांना पुरेल एवढे नव्हते. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत १०७ रुग्ण होते. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना त्या काळी रूढ असलेली नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार दगावले, दुसऱ्यातले १४. औषध खरोखर काम करते हे अशा रीतीने सिद्ध झाले.

यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ. पिकाचा अंदाज नजरेने न बांधता, चिठ्ठ्यांच्या पद्धतीने निवडलेल्या प्लॉटमधले पीक कापून आणि वजन करून तो काढावा, या पद्धतीला भारतात रुजवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. पीक विम्यामुळे ‘पीक कापणी प्रयोग’ हा शब्द आज प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे. तलाठ्याने आपल्या मर्जीचा प्लॉट निवडला तर गावात भांडण होते. का होते? कारण निवड मर्जीने झाली तर निकाल खोटा ठरतो, हे गावाला पक्के कळते.

आणि हे काम फक्त मोठ्या शहरात होते असेही नाही. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर आयुष्य घालवले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी धडधाकट माणसे नि मुले हृदय निकामी होऊन, फुप्फुसात पाणी भरून दगावत. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यात उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले आणि मृत्यूंचे प्रमाण कितीतरी खाली आले. पण ते तिथेच थांबले नाहीत. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिली तर आणखी फायदा होतो का, हे त्यांनी ७० रुग्णांवर चाचणी करून पाहिले. दोन गट, प्रत्येकी ३५. प्राझोसिन दोघांनाही, प्रतिलस एकाच गटाला. दहा तासांत पूर्ण बरे झाले : प्रतिलस मिळालेल्यांतले ३२, न मिळालेल्यांतले आठ. २०११ साली हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात झालेला हा प्रयोग म्हणजे अक्षरशः शेजारी शेजारी लावलेले दोन प्लॉट होते.

‘गुण आला’ याचा अर्थ काय?

आता सापाकडे वळू. उसाच्या रानात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. खुरपणी, पाचट काढणे, रात्री पाणी धरणे, तोडणी, या सगळ्यात माणसाचा पाय सापाच्या वाटेत येतो. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळ्याच्या महिन्यांतले आणि बहुतेक सगळे खेड्यांतले.

मग साप उतरवणाऱ्याकडे, किंवा हल्ली व्हिडिओतल्या थेंबांकडे लोक का वळतात? कारण तिथे गेलेले अनेक जण खरोखर बरे होतात. यात खोटे काही नाही. पण त्याचे कारण थेंब नव्हे. आपल्याकडे दिसणारे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या चावला तर काहीही न करता माणूस बरा होतो. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे शंभर जणांना नुसते पाणी पाजले तरी त्यातले बरेच जण दुसऱ्या दिवशी चालत घरी जातील आणि पाण्याची कीर्ती गावभर होईल. जे दगावले त्यांचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

शेतात हेच झाले तर शेतकरी लगेच ओळखतो. फवारणी केली आणि दोन दिवसांनी चांगला पाऊस झाला, पीक उभारले, तर श्रेय औषधाचे की पावसाचे? शेजारच्या न फवारलेल्या रानाकडे पाहिल्याशिवाय तो सांगणार नाही. ‘मला गुण आला’ या वाक्याला शेजारचे रान नसते. सगळी गोम तिथे आहे.

घोणस चावली तर रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दवाखान्यात यासाठी एक अगदी साधी चाचणी करतात. रुग्णाचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करून पाहायची. रक्त अजून पातळच असेल तर विष भिनले आहे. मण्यारीचे वेगळे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जखम दिसतही नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास बंद पडतो. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिलस चालते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. पण ती वेळेत मिळाली तर. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, हे पाहण्यात गेलेला तास कुठल्याच प्रतिलशीने परत मिळत नाही.

अर्धे खरे अधिक फसवते

मधुमेहाच्या व्हिडिओंची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण त्यात थोडे सत्य असते. टाइप २ मधुमेह सुरुवातीच्या वर्षांत, वजन भरपूर उतरवले तर, गोळ्यांशिवाय आटोक्यात राहू शकतो. ब्रिटनमध्ये ३०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक आहार पाळणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर गोळ्यांविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण चार टक्के होते. पुढच्या वर्षांत मात्र अनेकांचे वजन परत वाढले आणि मधुमेहही परत आला.

व्हिडिओ यातला पहिला अर्धा भाग उचलतो आणि त्याला चूर्णाची पुडी जोडतो. ज्यांना मधुमेह होऊन फार वर्षे झाली, ज्यांचे स्वादुपिंड थकले, ज्यांना इन्सुलिन चालू आहे, त्यांच्यासाठी तो निष्कर्ष नाही, हे सांगत नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचे इन्सुलिन दोन दिवस बंद केले तरी ते मूल बेशुद्धावस्थेत दवाखान्यात येऊ शकते. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा पोचेपर्यंत व्हिडिओ जिल्हा ओलांडून गेलेला असतो.

दोष एकट्या मोबाइलचा नाही

इथे डॉक्टरांनी आणि सरकारी यंत्रणेनेही आरशात पाहायला हवे. माणूस व्हिडिओकडे वळतो त्याला कारणे असतात. रांगेत तीन तास उभे राहिल्यावर दोन मिनिटे मिळतात. विचारलेला प्रश्न डॉक्टरांना आवडत नाही. कधी प्रतिलस संपलेली असते, कधी व्हेंटिलेटर रिकामा नसतो आणि रुग्णाला ‘पुढे न्या’ असे सांगितले जाते. व्हिडिओतला माणूस मात्र हसून, आपल्या बोलीत, आपल्याशीच बोलल्यासारखा बोलतो. विश्वास तिथे बसतो.

साधनेच नाहीत, असे म्हणण्याची वेळ मात्र आता राहिलेली नाही. बारामतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून सुरू आहे. बारामती आणि इंदापूरला उपजिल्हा रुग्णालये आहेत. १०८ ची रुग्णवाहिका आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट त्यात आहे. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण वाचवत गावोगावी लोकशिक्षण केले, हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

कमी आहे ती योग्य माहिती योग्य हातात वेळेवर पोचण्याची. आणि ती पोचवण्याची वाट तर बारामतीने शोधलेलीच आहे. ‘आज पाणी देऊ नका’ हा निरोप जर उपग्रहापासून शेतकऱ्याच्या खिशापर्यंत येऊ शकतो, तर ‘आज आपल्या भागात प्रतिलस आणि व्हेंटिलेटर कुठल्या रुग्णालयात आहे’ हा निरोप का येऊ नये? साखर कारखान्यांच्या शेतकी विभागाकडे प्रत्येक सभासदाचा नंबर असतो. तोडणीचा कार्यक्रम मोबाइलवर येतो. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी या कारखान्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर एक आणि हंगामाच्या सुरुवातीला एक, असे दोन निरोप पाठवले तरी मोठे काम होईल.

हंगामातला निरोप विशेष महत्त्वाचा, कारण तेव्हा बीड, अहिल्यानगरकडून तोडणी कामगार आलेले असतात. रानाच्या कडेला कोप्या, त्यात जमिनीवर अंथरूण, पहाटेच्या अंधारात तोडणी. सर्पदंशाचा धोका सर्वांत जास्त त्यांना आणि जवळचा दवाखाना कुठे हे सर्वांत कमी ठाऊक असलेलेही तेच. मोबाइल त्यांच्याही हातात आहे, त्यावर व्हिडिओही येतात. पण कारखान्याचा निरोप त्यांच्या नंबरवर जात नाही, मुकादमाच्या जातो. उसाच्या प्रत्येक सरीची माहिती उपग्रहाला असावी आणि ऊस तोडणाऱ्या बाईला जवळचे रुग्णालय ठाऊक नसावे, ही प्रगती लंगडी आहे.

चार प्रश्न पुरे

तोवर प्रत्येकाने आपल्यापुरते एवढे करावे. आरोग्याचा कुठलाही व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी, नव्या खताच्या एजंटाला विचारतो तेच चार प्रश्न विचारावेत. सांगणारा कोण आणि त्याला काय विकायचे आहे? प्लॉट किती, म्हणजे किती रुग्णांवर पाहिले? शेजारचे रान कुठे आहे, म्हणजे हा उपाय न केलेल्यांचे काय झाले? आणि फसले तर नुकसान किती? शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. खत फसले तर एक हंगाम जातो. सर्पदंशात हंगामाचा प्रश्नच उरत नाही.

साप चावला तर करायचे काम थोडेच आहे. माणसाला धीर द्या. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय फळी-काठीला सैल बांधून न हलेल असा ठेवा. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका, रक्त चोखू नका. सापाच्या मागे लागू नका, त्याला मारण्यात आणि शोधण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी लांब असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून निघा. किती वाजता चावला हे लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखीसोबत पापण्या जड वाटल्या, तर जखम दिसत नसली तरी निघा.

बारामतीच्या उसाचा व्हिडिओ जगाने पाहिला, याचा आनंद जरूर मानावा. त्या व्हिडिओतले यंत्र सगळ्यांना परवडेल की नाही, ते येत्या काही हंगामांत कळेल. त्यामागची सवय मात्र फुकट आहे आणि ती या भागात पूर्वीपासून आहे : शेजारच्या रानाशी ताडून पाहायचे आणि मगच विश्वास ठेवायचा. ती सवय बांधावरून घरात आणायची आहे, एवढेच.